कासारणीच्या अक्षता

लेकीच्या साखरपुड्याच्या बांगड्या भरायला खालापुरातल्या एका कासारणीकडे गेलो. लग्न क्रूझवर लावायचं की बंदरावर, हा आमचा वाद तिथेही चालूच होता. हौस माझी, क्रूझची. कासारीण लेकीचा पंजा कणकेसारखा मळत हिरव्या बांगड्या सरकवत होती. मधेच हात थांबवून म्हणाली, “बोटीवर तिकीटवालेच जातील गं. मग आमी अक्षता कुठनं टाकायच्या?”

तिला आमंत्रण कुणी दिलंच नव्हतं! पण लेक खुदकन हसली आणि बंदर ठरलं.

लग्नादिवशी बंदराजवळच्या हॉलपुढे खालापूरचा टेंपो थांबला. त्यातून गल्लीतल्या आठ बायका घेऊन कासारीण उतरली. मंगलाष्टकं संपल्यावर लेकीच्या डोक्यावर उरलेल्या अक्षतांची मूठ रिकामी करत म्हणाली, “आता जा खुशाल बोटीवर!”