रहीमभाऊनं पाहुण्याची गाडी कापली

रहीमभाऊले देवानं दोन हात देल्ले, पन ते जाग्यावर ठेवाची अक्कल देल्ली नाई. मी रुखमाबाई. घुग्घुसच्या रोडवर त्याच्या वेल्डिंगच्या दुकानासमोरच माही चहाची टपरी हाय, म्हणून मले सारं दिसते. गिऱ्हाईक आलं का हा मानसाले नाई, आधी गाडीले सलाम करते. बोटाच्या गाठीनं ठक ठक! लोखंड वाजलं तर मान हालवते. पन गंजाच्या भोकात पुट्टी भरून वरून रंग मारला असन, तर याचं डोस्कं फिरलंच म्हणून समजा.

आमच्या इथी कोळशाच्या धुळीत गाड्या उभ्या उभ्या सडते. बाकीचे मिस्त्री पुट्टी फासते, रंग मारते, गिऱ्हाईक बी खुश अन् मिस्त्री बी खुश. हा म्हणते, "चांगला पत्रा लागेपर्यंत कापाचं." एका जीपचा दरवाजा असा कापत कापत गेला का निस्तं हँडल उरलं. मालक ते पिशवीत घालून घरी गेला. लग्नात जेवाले बोलावलं तरी हा नवरीचं कपाट वाजवून पाह्यते अन् भर मांडवात म्हणते, "पत्रा हलका हाय गा." आता याले कोन बोलावन?

अशा बापाच्या पोरीचं लगन कसं जमन, सांगा! रूही त्याची एकुलती एक. सिलाईत हुशार, बोलाले बापापेक्षा तिखट. जमता जमता मोडे. साबिराभाभी, म्हणजे रहीमभाऊची बायको, काळजीनं अर्धी झाली होती. एप्रिलात अहेरीहून पाहुणे येनार म्हणल्यावर तिनं माह्या टपरीवर, माह्यासमोर नवऱ्याकडून कसम घेतली.

"पाहुण्याच्या गाडीले हात लावसान तर माहं मेलं तोंड पाहासान!"

घरात ते हिंदी बोलते, पन भांडाले त्याईले आमचीच बोली लागते.

पाहुणे आले. मुनीरसेठ, अहेरीचे कापडवाले, अन् त्यायचा पोरगा तौसीफ. गाडी जुनी, पन रंग असा ताजा का मले त्याच्यात माही टपरी दिसे. रहीमभाऊनं दोन्ही हात काखेत दाबून धरले. दुकानाच्या मागंच रहीमभाऊचं घर. तिथं नाश्ता झाला, पोरगी पसंत पडली. मीच चहा घेऊन गेली होती, म्हणून सारं ऐकलं. देन्याघेन्यात लोखंडी अलमारी ठरली, अन् ती तर रहीमभाऊनं आपल्या हातानं, जाड पत्र्याची, गुलाबी रंगाची करूनच ठेवली होती. साऱ्यायचे चेहरे खुलले. तेवढ्यात सेठ म्हणाले, "निकाह झाला का रूहीले याच गाडीत घेऊन जाऊ."

झालं! रहीमभाऊ उठला तो सरळ गाडीपाशी. ठक ठक. खाली वाकून पेचकस खुपसला, तर मुठीपर्यंत आत गेला.

"वरून कीर्तन, आतून तमाशा! माही पोरगी याच्यात बसन? जंगलातल्या रस्त्यानं?"

साबिराभाभी धावत येईपर्यंत ग्राइंडर सुरू. सेठ "अरे अरे" करून राह्यले, अन् हा चांगला पत्रा शोधत कापून राह्यला. मागच्या सीटखालून रस्ता दिसाले लागला. माही कोंबडी तिथून आत डोकावली.

आता झाकाले पत्रा पाह्यजे ना! अन् महिना कोनता? साऱ्या जिल्ह्याचा पत्रा कुलर बनवाले गेलेला. कुलरचा पत्रा जस्त चढवलेला, त्याले वेल्डिंग केली का धूर छातीत बसते, म्हणून तो बी चालत नाई. पाहुणे मुक्कामाले राह्यले. सेठ दर जेवनात मटन मागे अन् तौसीफ मोबाईलमधून मान वर काढत नोहता. रहीमभाऊ सारे भंगारवाले पालथे घालून हात हालवत आला, अन् त्याची नजर अलमारीवर गेली.

साबिराभाभी हात पसरून आडवी आली. "अलमारीनं तुमचं काय घोडं मारलं?"

"अलमारी त्यायच्याच घरी जाऊन राह्यली ना? मंग उभी गेली काय अन् आडवी गेली काय!"

कापली. पन काम असं केलं म्हणता, वा! सांधा दिसे नाई. दुसऱ्या दिवशी सेठनं खाली वाकून तो गुलाबी पत्रा वाजवला अन् मान हालवली.

"काम मजबूत. आता दुसरी अलमारी कवा देता? अन् आमची भर रस्त्यात इज्जत गेली, त्याच्यासाठी एक कुलर बी पाह्यजे."

"मोठा कुलर, पप्पा," तौसीफ बोलला. दोन दिवसांत तेवढंच बोलला तो.

मले वाटलं, आता रहीमभाऊ याले बी कापते. पन तो हात जोडून उभा राह्यला. "देतो सेठ. पोरीचं मोडू नका." आजवर कोनापुढं न वाकलेला मानूस असा उभा पाहून मले रडू आलं, खोटं काऊन सांगू.

दारातून रूही बाहेर आली. "अब्बा, गाडीले बोटानं वाजवून पाह्यलं. या दोघायले पाह्यलं काय?"

रहीमभाऊनं सेठकडं पाह्यलं. मंग तौसीफकडं पाह्यलं. जोडलेले हात सोडले अन् गाडीचा दरवाजा उघडून धरला.

"बसा. अहेरीपर्यंत कायी होत नाई."

सेठ लय बोलले, पन बसले. अलमारी अहेरीले गेली, पोरगी घुग्घुसले राह्यली. साबिराभाभीनं दार लावून घेतलं. रूही मशीनवर जाऊन बसली अन् मशीनचा आवाज सुरू झाला. रहीमभाऊ माह्या टपरीवर येऊन बसला. म्या म्हणलं, "बरं केलं भाऊ, हाकललं त्याईले."

"म्या नाई हाकललं, बाई," तो म्हणे. "म्या तं हो म्हणून टाकलं होतं. अन् पोरीनं ते ऐकलं."

त्याच्या हातातला चहा तसाच थंडा झाला.