मुंग्यांची वाट पुसलेली तलवार

"मुंग्या कुठे गेल्या हिच्या?" माझ्या बाबांचे म्हातारे कफील, म्हणजे परदेशातल्या नोकरीचे जामीनदार मालक, आपल्या मुलाला अरबीत म्हणाले.

मुलगा हसला. "नव्या चमच्यासारखी चमकतेय, यबा! लग्नात हिनंच भात वाढू या."

कफील हसले नाहीत. तलवार त्यांच्या आजोबांची. याच मुलाच्या लग्नात ती हातात घेऊन नाचायचं, म्हणून गंज काढायला बाबांकडे दिली होती. सौदीतल्या हाइल शहरातल्या त्या वर्कशॉपमध्ये बाबा स्टीलची रेलिंग बनवतात. स्टीलमध्ये तोंड दिसलं पाहिजे, ही त्यांची रत्नागिरीपासूनची सवय. त्यांनी पातं सरळ चकाकी आणणाऱ्या बफिंगच्या चाकावर धरलं होतं.

मी डबा घेऊन आले होते. दारातच थबकले, कारण मुंग्या म्हणजे काय ते मला माहीत होतं. शाळेत अरबीच्या बाईंनी तलवारीचे शब्द पाठ करून घेतले होते. सपकन कापणारी ती सारिम, हिंदुस्तानी पोलादाची मुहन्नद, आणि पात्यावर लाटांसारखी बारीक नक्षी दिसते ती फिरिंद. जुने कवी तिला मुंग्या चालून गेल्याची वाट म्हणायचे. ती वरून कोरलेली नसते, पोलादातच असते, असंही बाई सांगायच्या. पेपरात मी हे सगळं लिहिलं होतं. अरबी माणसासमोर तोंड मात्र कधी उघडलं नव्हतं.

"काय म्हणतायत गो?" बाबांनी हळूच विचारलं. "सांग त्यांना, डाग होते गंजाचे. एकूण एक काढले."

पुढच्या महिन्यात बाबांचा इकामा, इथे राहण्याचा परवाना, संपत होता. तो वाढवायचा की नाही, हे याच माणसाच्या हातात.

कफीलनी पातं उजेडात तिरकं धरलं, त्यावरून अंगठा फिरवला. "काय केलंस तू हे?" आवाज इतका हळू होता की बाबांना ती शाबासकी वाटली. ते हसून मान डोलावू लागले.

ते हसणं मला बघवेना. डबा खाली ठेवला. तोंडातून अरबी आली ती पुस्तकातली, अडखळत.

"शेख, माझ्या वडिलांना फिरिंद म्हणजे गंज वाटला. चूक त्यांचीच आहे. पण ती पोलादाच्या आत असते, गेलेली नाही. तलवारींच्या जाणकाराकडे द्या, तो ती परत वर आणेल."