ब्रह्मदेशाच्या पोत्यातली मिरची

दोंडाईचाच्या मिरचीच्या खळ्यावर पोत्यांची तोंडं शिवणारा तो म्हातारा सुई टोपीत खोचून ठेवायचा. खकाण्याने आम्ही शिंकून बेजार व्हायचो, त्याला कधी खोकलाही आला नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी एका व्यापाऱ्याकडे नवा कारकून होतो आणि आमची मिरची पहिल्यांदाच श्रीलंकेला निघाली होती. आशियातल्या काही देशांच्या करारामुळे तिकडे जकातीत सवलत मिळायची, पण माल भारतातच पिकल्याचा दाखला लागायचा. तो मी मोठ्या दिमाखात तयार केला होता.

ट्रक दारात लागला आणि म्हातारा शिवता शिवता थांबला. "भाऊ, हाई बारदान आपलं नई शे."

"पोतं ते पोतं, आबा. शिवा पटापट," मी वैतागून म्हणालो.

त्याने पोतं माझ्याकडे फिरवलं. जळगावच्या डाळमिलमधून जुनी पोती मीच स्वस्तात मागवली होती. त्यांतून ब्रह्मदेशाची तूर आली होती, आणि प्रत्येकावर तिकडच्या गोल गोल अक्षरांचा शिक्का होता. बंदरावर तो दिसला असता तर माझा दाखला खोटा ठरला असता, नोकरीही गेली असती.

त्याला वाचता येत नव्हतं, पण आपली अक्षरं तो ओळखायचा.

"मिरची आपली शे, भाऊ. तिले परायं नाव कशाले?" एवढं बोलून तो शिवलेली पोती उसवायला बसला.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी माल कुठला ते लिहीत राहिलो. प्रत्येक दाखल्यावर सही करताना त्याची टोपी आठवायची. तो कुठला, हे मात्र मी कधी विचारलं नाही.