निळ्या पन्न्या

जाळ्यातला रोहू किलोभराचा होता, पण त्याच्या पोटावर रुपयाएवढी लाल जखम. दुसरा काढला, तसाच. तिसऱ्याची तर शेपटीच झडलेली. बनाबाई गावतलावाच्या पाळीवरून अशी ओरडली की थेट शेजारच्या धाड गावापर्यंत कुत्री उठली असतील.

"आग लागो त्या बाजाराले! सारी घान माह्याच तलावात!"

नवरा गेल्यावर तिनं हा तलाव ठेक्यानं घेतला, त्याला पंधरा वर्षं झाली. बाई काय मासे धरते म्हणून दात काढणारे आता तिच्याच पाटीपुढं रांग लावतात. तिला शेत नाही, दुसरा धंदा नाही. तलाव आहे तर चूल आहे.

तालुक्याहून योगिनी मॅडम पाणी तपासायला आल्या. चष्मा वर सारत हळू, शाळेतल्यासारखं बोलल्या, "जंतू आहेत, मावशी. पाण्यातल्या पिशव्यांवर बुळबुळ धरते ना, तिच्यात ते वाढतात. आधी पिशव्या काढा, नुसत्या औषधानं भागणार नाही. आणि हे मासे विकू नका."

बनाबाई तशीच ओल्या लुगड्यानं बाजारात. भाजीवाल्या शालिग्रामची टोपली तिनं लाथेनं सरकवली.

"काऊन बे, माह्या तलावाले उकिरडा समजला का? दर बाजारी नाल्यात पन्न्या फेकून राह्यला!"

शालिग्राम नाकातून गोड बोलतो. "माह्या पन्न्या तं पांढऱ्या राह्यतात वो, बनाबाई. तुह्या तलावात कोन्त्या हायेत, पाह्य ना आधी."

तिनं दोन पाट्या भरून उपसल्या. पांढऱ्या होत्या, काळ्या होत्या. पण निळ्याच जास्त. दुहेरी पीळ देऊन बांधलेल्या. एक फाडली. आत खवले.

गाठ तिचीच. दर बाजारी मासे कापून झाले की खवले-आतडी निळ्या पन्नीत कोंबायची, गाठ मारायची अन् मागं न पाहता नाल्यात भिरकावायची. नाला पावसात तलावाला मिळतो, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच!

त्या दिवशी ती कोणावरच ओरडली नाही. चार दिवस छातीभर पाण्यात उभी राहून दात-ओठ खात निळ्या तेवढ्या काढल्या.

पुढच्या बाजारी शालिग्राम पन्न्यांचं गाठोडं घेऊन नाल्याशी आला, तर बनाबाई वाटेत उभी. हातात कोयता.

"आज मासे नाईत का वो?"

"नाईत. माह्या निळ्या मी काढल्या. आता पांढऱ्या राह्यल्या. चाल, उतर तलावात."

"मले पोहता येत नाई वो, माय!"

"कडंले कमरेएवढंच पानी हाये. उतर!"