तिसऱ्या मजल्यावरचा कारवानी

आमच्या घरी कुत्रा आला तो माझ्या एका भाषणामुळे. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने लॅब्रडॉर घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत तो त्याचे फोटो सगळ्यांना दाखवू लागला. मी तोवर आयुष्यात मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. तरीही थंड प्रदेशातला प्राणी पुण्यात आणून एसीत ठेवण्याबद्दल मी त्याला बरंच सुनावलं. आपल्या दख्खनच्या मातीतले कारवानी कुत्रे सोडून लोक परदेशी जातींमागे कसे धावतात, यावर डबा संपेपर्यंत बोललो. ही सगळी माहिती मी त्याच दिवशी सकाळी बसमध्ये मोबाइलवर वाचली होती.

सहकारी शांतपणे म्हणाला, "मग तुम्ही घ्या ना."

ऑफिसात सात जणांनी हे ऐकलं होतं. त्यामुळे मला कुत्रा घ्यावा लागला.

घरी विषय काढला तेव्हा बायको शाळेतल्या गणिताच्या वह्या तपासत होती. तिने लाल पेन खाली न ठेवता विचारलं, "कारवानी म्हणजे?"

"शिकारी कुत्रा. सशामागे सोडतात. वाऱ्यासारखा पळतो."

"आपल्याकडे ससा कुठे आहे?"

मी जातीचा इतिहास सांगायला सुरुवात केली. तिने तो ऐकून घेतला आणि म्हणाली, "अहो, सदाशिव पेठ, तिसरा मजला, लिफ्ट नाही, गच्चीला कुलूप. आपल्याकडे वारासुद्धा येत नाही." पण मुलगी, जी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, माझ्या बाजूची झाली. दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. बायकोने तो मान्य केला, म्हणजे पुढची वही उघडली.

पिल्लू आणायला आम्ही शहराने नुकत्याच गिळलेल्या एका गावात गेलो. तिथल्या शेतकऱ्याने आधी पिल्लू दाखवलंच नाही. आमचीच चौकशी केली.

"घर कसलं हाय?"

"फ्लॅट आहे."

"केवढा?"

"आठशे स्क्वेअर फूट," मी जरा अभिमानानेच म्हणालो.

"कार्पेट का बिल्टअप?"

शेजारची जमीन बिल्डरला देऊन झालेली असल्याने त्याला यातलं सगळं कळत होतं. बिल्टअप, असं सांगितल्यावर त्याने पिल्लाकडे पाहिलं. "साहेब, ह्याला पळाया लागतंय."

"रोज सकाळ-संध्याकाळ फिरवीन की."

"फिरवाया न्हाय म्हणलं मी. पळाया."

मी हसून मान डोलावली. पुण्यात सल्ला न घेता मान डोलावण्याची पद्धत आहे.

पहिले चार महिने सगळं उत्तम चाललं. घरातल्या तिघांनी त्याला तीन नावं ठेवली आणि तिन्हींपैकी एकालाही तो ओ देत नसल्याने भांडण झालं नाही. मग त्याला पाय फुटले. पाय आधीही होते, पण आता ते दर आठवड्याला नवीन आणल्यासारखे लांब होऊ लागले. वर्षाच्या आत तो माझ्या कमरेइतका उंच झाला. अंगावर चरबी नाही, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा स्वच्छ. ही जात अशीच असते. पण ते कोणाकोणाला सांगणार? दुसऱ्या मजल्यावर, बरोबर आमच्या खाली, एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्यांनी एकदा जिन्यात मला थांबवलं.

"खायला घालता ना हो त्याला?"

"दोन वेळा घालतो, बाई."

"असं का," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या दाराशी कागदात गुंडाळलेली एक पोळी येऊ लागली. कुत्रा ती खात नसे. पोळी वाया जाऊ नये म्हणून मी खात असे.

पुढच्या वेळी त्यांची तक्रार वेगळी होती. "तुमचा कुत्रा भुंकत नाही."

"शांत जात आहे. मुद्दाम तीच निवडली, तुम्हा लोकांना त्रास नको म्हणून."

"मग चोर आला की काय करणार?"

"त्याच्यामागे पळेल."

"हॉलमध्ये?" एवढं विचारून त्या आत गेल्या.

खरं तर तो हॉलमध्येच पळत होता. बाल्कनीपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत माझी अकरा पावलं होत. त्याच्या तीन उड्या होत. चौथीला भिंत. तिथे तो वळायचा, फरशीवर नखं घसरायची, आणि पुन्हा तीन. संध्याकाळी हे सुरू झालं की आम्ही तिघं पाय वर घेऊन बसायचो. आम्ही तिघं बाहेर असताना तो काय करतो हे एका गुरुवारी कळलं. सोफ्याचा उजवा हात नव्हता. आतला स्पंज घरभर पसरला होता आणि मधोमध तो पुढचे पाय एकावर एक टाकून राजासारखा बसला होता.

बायकोने पर्स खुंटीला लावली. "झाली शिकार," ती म्हणाली आणि झाडू आणायला गेली.

फिरवण्याचं काम माझं होतं. पहाटे पेठेतल्या गल्ल्या रिकाम्या असतात असं मला वाटायचं. त्या माणसांपुरत्या रिकाम्या असतात. गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला स्कूटरखाली बसलेली मांजर मला चष्मा लावून दिसत नसे. त्याला ती दिसे, आणि ती दिसल्याचं मला थेट खांद्यात कळे. दोनदा पडलो. दुसऱ्या वेळी गुडघा इतका सोलवटला की ऑफिसात लंगडत जावं लागलं. सहकाऱ्याने विचारलं, तेव्हा जिन्यावरून घसरलो म्हणून सांगितलं आणि त्याच दमात देशी जातींच्या चपळाईवर पाच मिनिटं बोललो. तो म्हणाला, "पळतानाचा एखादा व्हिडिओ दाखवा की." माझ्याकडे असा व्हिडिओ नव्हता, कारण दीड वर्षात मी त्याला एकदाही पळू दिलं नव्हतं.

म्हणून एका रविवारी आम्ही तिघं आणि तो, असे गाडीने खडकवासल्याच्या पुढे गेलो. डोंगराच्या पायथ्याशी मोकळं माळरान होतं. मुलगी मोबाइल घेऊन उभी राहिली.

"बाबा, तू शुअर आहेस ना? तो हाक मारल्यावर घरातसुद्धा येत नाही."

"घरात त्याला कारण दिसत नाही," मी म्हणालो आणि पट्टा सोडला.

तो जागेवरच उभा राहिला. मी "पळ, पळ" म्हणून टाळ्या वाजवल्या. मुलीने कंटाळून मोबाइल खाली केला, आणि तेवढ्यात पन्नासेक फुटांवरच्या झुडपातून ससा निघाला.

पुढे जे झालं त्याचा व्हिडिओ नाही, पण मला ते आजही दिसतं. तो जमिनीला टेकतच नव्हता. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकत होता आणि सुटत होता, चारही पाय पोटाखाली गोळा होत होते आणि क्षणात उघडत होते. ससा वळला की तो वळत होता, जणू दोघांमध्ये दोरी बांधली आहे. दीड वर्ष हा प्राणी माझ्या घरी राहत होता आणि मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो.  मग दोघेही उंचवट्यापलीकडे दिसेनासे झाले.

मी पळालो. मागून बायको आणि मुलगी. उंचवट्यापलीकडे खाली उतार होता, उताराच्या तळाशी तारेचं कुंपण, आणि कुंपणाच्या आत लग्नाचं लॉन. आत मंगलाष्टका चालू होत्या.

कुंपणाला वळसा घालून मी कमानीशी पोहोचलो तेव्हा माझ्या अंगावर ट्रॅक पँट होती, हातात रिकामा पट्टा होता आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. दारातल्या गृहस्थांनी माझ्यावर गुलाबपाणी शिंपडलं आणि हसून विचारलं, "या, या. नवऱ्याकडचे का नवरीकडचे?"

"कुत्र्याकडचा," मी म्हणालो.

ते जरा विचारात पडले, पण पाहुणा म्हणून त्यांनी मला आत सोडलंच.

आत फार काही बिघडलेलं नव्हतं. ससा गाड्यांच्या मधून आला, पंगतीच्या मांडवाखालून गेला आणि पलीकडच्या तारेखालून पसार झाला, असं मला नंतर चौघांनी चार प्रकारे सांगितलं. बायका खुर्च्यांवर चढल्या होत्या, भटजी थांबले नव्हते. अक्षता पडत होत्या. आणि मागच्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या फेटेवाल्या आजोबांच्या गुडघ्याला टेकून आमचा कुत्रा उभा होता. आजोबांनी त्याच्या जबड्याखालची सैल कातडी दोन बोटांत धरली होती. दोन बोटांत! मला त्याच्यासाठी दोन हात, एक खांदा आणि विजेचा खांब लागत असे.

आजोबा नवरीचे चुलत आजोबा होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमचं का हे?"

"हो."

"बांधून ठिवता जणू."

"नाही हो. घरात मोकळाच असतो."

"घरात मोकळा असतोय," त्यांनी शेजारच्या माणसाला सांगितलं. मग मला विचारलं, "ऱ्हाता कुठं?"

"सदाशिव पेठेत."

"अरारा," शेजारचा माणूस म्हणाला.

आजोबांनी कुत्र्याचा पुढचा पाय उचलून तळवा माझ्यासमोर धरला. "बघा. लेकराच्या गालागत मऊ. दीड-दोन वरसाचं जनावर हाय, आन् पायानं माती बघितलेली न्हाय." आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बायको दहा मिनिटांत बायकांच्या पंगतीत बसली आणि नवरीचं शिक्षण, मुलाची नोकरी, सगळं तिला ठाऊक झालं. मी आजोबांच्या शेजारी बसलो. त्यांच्याकडे पूर्वी असे दोन कुत्रे होते, मेंढरं होती तेव्हा. "आता रान ऱ्हायलं न्हाय म्हून आमच्याकडं कुत्रं न्हाय," ते जिलबी मोडत म्हणाले. "तुमच्याकडं रान कधी नव्हतंच, तरी कुत्रं हाय." मग सरळ म्हणाले, "ठिवून जा हितं. बरं वाटंल त्येला."

मी भाषण केलं. तो आमच्या घरचा सदस्य आहे, आमचा त्याच्यावर जीव आहे, सदस्य असा कोणी देऊन टाकतो का, वगैरे. आजोबांनी मान डोलावली. ती पुण्याची पद्धत त्यांच्यापर्यंतही पोहोचली होती.

 परतताना कुत्रा मागच्या सीटवर मुलीच्या मांडीवर डोकं टाकून असा झोपला होता की तिने दोनदा त्याच्या नाकाशी हात धरून बघितलं. सिंहगड रस्त्यावर सिग्नलला बायको म्हणाली, "त्याच्याविषयी तुम्ही बोलता, ते दीड वर्ष ऐकतेय. त्याच्यासाठी काही करताना आज पहिल्यांदा पाहिलं."

"काय केलं मी?"

"पळालात."

सिग्नल सुटला. मला राग यायला हवा होता, पण मी नुसता गुडघा चोळला आणि गाडी पुढे काढली. घरी आल्यावर तिने पर्समधून लग्नाच्या पत्रिकेचा फाडलेला तुकडा काढून टेबलावर ठेवला. त्यावर आजोबांच्या सुनेचा फोन नंबर होता. पंगतीत बसल्या बसल्या तिने तो मागून घेतला होता.

देऊन टाकायचं नाही आणि कोंडूनही ठेवायचं नाही, असं मग ठरलं. म्हणजे बायकोने ठरवलं आणि मला सांगितलं. आता आठवड्यातून तीनदा मी उजाडायच्या आधी गाडी काढतो आणि आजोबांच्या शेतावर जातो. दोन एकर आहे. चारी बाजूंनी तार ठोकलेली, ससा वगैरे काही नाही, नुसतं गवत. तो तिथे अर्धा तास गोल गोल पळतो. दमला की आजोबा तोंडात दोन बोटं घालून शीळ घालतात आणि तो येतो. माझ्या हाकेला तो एक कान हलवतो, हीसुद्धा प्रगती आहे. मला शीळ शिकवण्याचा आजोबांनी दोन महिने प्रयत्न केला. माझ्या तोंडातून फक्त थुंकी उडते. ऑफिसात मी आता देशी जातींवर बोलत नाही. सहकाऱ्याच्या लॅब्रडॉरचे फोटो पाहतो आणि छान आहे म्हणतो. खरंच छान आहे तो.

जमीन रिकामी राहिली आहे ती आजोबा आणि त्यांच्या भावांचा दावा कोर्टात चालू आहे म्हणून. निकाल लागला की तिथे तीन इमारती होणार, हे सगळ्यांना माहीत आहे. एखाद्या खटल्याचा निकाल लांबावा म्हणून देवाला हात जोडणारा, कोणाच्याही बाजूचा नसलेला माणूस पुण्यात मी एकटाच असेन.

परवा बांधावर चहा पिताना मी न राहवून विचारलं, "आजोबा, हे प्रकरण किती दिवस चालेल?"

"माझ्या हयातीत निकाल लागत न्हाय," ते म्हणाले. मग त्यांनी गवतात जीभ काढून पडलेल्या कुत्र्याकडे पाहिलं आणि मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. "ह्याच्या हयातीत मातूर लागंल बघा."

 कुत्रा उठला, अंग झाडलं आणि परत पळायला लागला.