मामाचं माप

आमच्या घरात कुठलीही गोष्ट तोकडी पडली की तिला 'मामाचं माप' म्हणत. चादर पायांना पुरली नाही, मामाचं माप. पाहुणे वाढले आणि चहा कमी पडला, मामाचं माप. काकाने ही म्हण काढली आणि आम्ही पोरांनी ती घरोघरी पोचवली. मामा समोर बसलेला असला तरी कुणी जीभ आवरत नसे. तोही आमच्याबरोबर हसायचा, म्हणून आम्हाला वाटायचं, त्याला काही लागत नाही.

मामा पत्र्याचं काम करतो. छपराच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळी तो बनवतो. गिऱ्हाईक आलं की पाऊस किती पडतो, असं तो कधीच विचारत नाही. "सगळ्यात जोराची दहा मिनिटं आठवा," म्हणतो. "वर्षभराच्या पावसाला पन्हळ पुरून उरते. ती हरते त्या दहा मिनिटांत." मग छप्पर मोजायचं, मिनिटाला किती बादल्या पाणी उतरेल ते काढायचं, आणि पन्हळ चढवली की शिडीवरून खरोखरच तेवढ्या बादल्या ओतून दाखवायच्या. गिऱ्हाइकाला कंटाळा येतो, याला येत नाही. त्याची पन्हळ कधी ओसंडली नाही. एक सोडून. आणि तीही सख्ख्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या घरची.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई कपडे शिवायची आणि तिचं मशीन खिडकीपाशी होतं. एका दुपारी असा काही पाऊस कोसळला की पन्हळ मधोमध भरून वाहिली आणि पाणी थेट खिडकीतून आत आलं. टेबलावर एका नवरीचे कपडे होते. लाल रंग पांढऱ्यात उतरला. नवरीची आई दारात उभी राहून तोंडाला येईल ते बोलत होती. तेवढ्यात मामा भिजत धावत आला. त्याने वर पाहिलं, टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझं माप चुकलं." बस्स, एवढंच. पुढच्याच आठवड्यात त्याने पन्हळीतलं पाणी खाली उतरवणारा आणखी एक उभा पाइप बसवला आणि आईने मशीन दुसऱ्या खोलीत हलवलं. गावभर मात्र झालं की याला बहिणीचं छप्पर मोजता येत नाही. कितीतरी गिऱ्हाइकं तुटली.

गेल्या वर्षी मी स्वतःचं घर बांधलं. "पन्हळी मामाच करेल," आई म्हणाली. मी फटकळच. म्हटलं, "आई, माझ्या घरात पाणी शिरायला नको." दुसऱ्या दिवशी ती साठी ओलांडलेल्या भावाला घेऊनच आली. आता दारात आलेल्या मामाला परत कसं पाठवणार? मी निमूटपणे टेपचं एक टोक धरलं.

मामाने स्वयंपाकघराच्या कोऱ्या भिंतीवर पेन्सिलीने आकडेमोड केली, शेजारी घराचं चित्र काढून त्यात पाइप दाखवले. "मिनिटाला दहा बादल्या. दोन उभे पाइप लागतील. एक त्या कोपऱ्यात, एक इथे, खिडकीला लागून."

"खिडकीपाशी नको रे मामा, उजेड अडेल," मी म्हणाले. "एकच लाव, कडेला."

"बरं," मामा म्हणाला. "घर तुझं आहे." आणि अंगठ्याने दुसरा पाइप पुसायला लागला.

"पुसू नकोस," आई म्हणाली.

"ताई, जाऊ दे."

"बावीस वर्षं जाऊच दिलं ना!" ती माझ्याकडे वळली. "हेच बोलले होते मी. मशीनवरचा उजेड अडेल, एकच लाव. तो दोन म्हणत होता. आणि त्या दिवशी त्या बाईसमोर माझी जीभ रेटली नाही. त्याने अंगावर घेतलं, मी घेऊ दिलं."

"मग चूक माझीच की," मामा म्हणाला. "माप घेणाऱ्याने गिऱ्हाइकाचं ऐकायचं नसतं."

"मी गिऱ्हाईक नव्हते रे," आई म्हणाली.

मला लाज वाटली. सगळ्यांच्या तोंडी असलेली ती म्हण आईच्या तोंडून मी एकदाही ऐकली नव्हती, आणि ते आजवर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी पेन्सिल उचलून पुसलेला पाइप खिडकीशेजारी पुन्हा काढला, वाकडातिकडा.

आईने तिथल्या तिथे काकाला फोन लावला. काकाला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे तिला ओरडावं लागलं. "माप बरोबर होतं! अहो, माप! त्याचं माप बरोबर होतं!" शेजारच्या घरातली माणसंसुद्धा बाहेर आली.

मामा टेप घेऊन अंगणात गेला आणि नुकतंच मोजलेलं छप्पर पुन्हा मोजत राहिला.