वरचे अकरा रुपये

बोरी नदीच्या काठावर आमच्या गावात एक रीत आहे. शेजारच्या घरून कालवणाची वाटी आली, तर ती रिकामी परत जात नाही. काहीच नसेल तर चिमूटभर साखर, गुळाचा खडा, निदान परसातली मिरची तरी तीत पडतेच. ही रीत कोणी कोणाला शिकवत नाही. पोर चालायला लागलं की त्याच्या हातून भरली वाटी शेजारी जाते आणि रीत त्याच्या हाताला लागते.

उषाबाई ती हाताला लागलेली रीत घेऊन सुरतेला गेल्या, त्याला आता बावीस वर्षं झाली. नवागामच्या एका चाळीत दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत त्यांची खानावळ चालते. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारी आपल्याकडची बारा माणसं दोन पाळ्यांत जेवून जातात. मी सुरतेला गेलो की तिथेच जेवतो, आणि लूमच्या आवाजाने बधिर झालेले त्या माणसांचे कान बाईंच्या भाकरी थापण्याचा आवाज कसा टिपून घेतात ते पाहतो. कोणाला ताप असेल तर बाई न विचारता खिचडी टाकतात. कोणी दोन दिवस आला नाही तर त्याच्या खोलीवर डबा जातो.

त्यांचा मुलगा गजेंद्र कापड मार्केटात बिलं करतो. त्याने स्वतःच्या कार्डाला जोडून आईच्या नावाचं एक क्रेडिट कार्ड काढून दिलं. आज सामान घ्यायचं, पैसे महिन्या-दीड महिन्याने द्यायचे, वर पॉइंटही मिळतात, असं त्याने समजावलं. बाईंना ते पटलं. त्या मॉलमधून तेलाचे डबे, डाळ, पीठ आणू लागल्या. गॅसही कार्डावर आला. सहा महिन्यांत पॉइंटांवर मोठा कुकर मिळाला, त्याला त्यांनी हळदकुंकू लावलं.

पहिलं बिल भरताना मात्र त्या म्हणाल्या, वर अकरा रुपये टाक. गजेंद्र हसला, बँकेला असं काही लागत नाही म्हणाला. बाईंनी ऐकलं नाही. परक्याचं भांडं महिनाभर वापरलं, ते रिकामं कसं द्यायचं? पुढच्या बिलात बँकेने ते अकरा रुपये वळते करून दिले. बाईंना फार बरं वाटलं. बँकेलाही वळण आहे, असं त्यांनी चाळीत सांगितलं, आणि दर महिन्याला अकरा जात राहिले, येत राहिले.

यात एकच गोष्ट मागे पडली. चाळीच्या तोंडाशी लोटूचं किराणा दुकान आहे. लोटू आपल्या अमळनेरकडचा, वयाने बाईंहून लहान. वीस वर्षं खानावळ त्याच्या उधारीवर चालली होती. त्याच्याकडे कार्डाचं मशीन नाही. बाई त्याच्याकडे जाईनाशा झाल्या, आणि मग लाजेने मागच्या गल्लीने ये-जा करू लागल्या. दोन वर्षं.

यंदा कापडाला उठाव नव्हता. लूम तीन आठवडे बंद राहिले. माणसं गावी गेली नाहीत, आज सुरू होतील, उद्या सुरू होतील म्हणत तिथेच थांबली. बाईंनी एकालाही पाट नाकारला नाही. तीन आठवडे बारा माणसं त्या कार्डावर जेवली, हे कार्डाचं पुण्य मी नाकारणार नाही.

लूम सुरू झाले, अर्धामुर्धा पगार हाती आला, तसे माणसांनी पैसे आणून दिले. सगळं मिळून एकोणीस हजार पाचशे जमले. बिल होतं एकोणीस हजार चारशे साठ. भरायला एक दिवस उरला होता, आणि घरात दुसऱ्या दिवसापुरतंही पीठ नव्हतं. बिल भरलं तर हातात चाळीस रुपये उरणार होते, आणि अर्ध्यामुर्ध्या पगारांच्या भरवशावर पुन्हा कार्डावर सामान घ्यायला बाई धजत नव्हत्या.

गजेंद्रने वाट काढली. सगळं भरायची गरज नाही, हजार रुपये भरले तरी चालतात, कार्ड सुरूच राहतं. बाकीच्या रकमेवर किती लागेल, बाईंनी विचारलं. त्याने मोबाइलमध्ये पाहून सांगितलं, महिन्याला शेकडा साडेतीन. आणि उद्या कार्डावर जे नवं सामान घेऊ, त्यालाही घेतल्या दिवसापासून व्याज.

बाईंनी रिकामी परात पुसून बाजूला ठेवली.

"म्हणजे आंबलेल्या पिठात ताजं पीठ कालवायचं," त्या म्हणाल्या. "सगळंच आंबतं, बेटा."

त्या उठल्या. घरातले शेवटचे दहा-बारा बिबडे, म्हणजे ज्वारीचे जाड पापड, भाजून डब्यात भरले आणि दोन वर्षांनी पुढच्या गल्लीने निघाल्या.

लोटू तराजू पुसत होता. त्याने वर पाहिलं, पण हात थांबवला नाही.

"मावशी, मशीन नही शे मनाकडे."

"माहीत आहे. मशीनला तोंड दाखवावं लागत नाही, लोटूभाऊ. तुला दाखवावं लागतं, म्हणून आले नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. महिनाभराचं सामान उधार हवं होतं, कारण हातातला पैसा उद्या बँकेत जाणार होता. लोटूने डबा उघडला, एक बिबडा मोडून तोंडात टाकला आणि चावत राहिला. दोन वर्षांचा राग चावायला तेवढा वेळ लागतोच.

"मीठ कमी पडनं," तो म्हणाला, आणि पिठाच्या गोणीला हात घातला.

निघताना त्याने डबा परत दिला. बाईंना तो जड लागला. घरी येऊन उघडला तर आत गूळ होता.

दुसऱ्या दिवशी गजेंद्र बिल भरायला बसला. त्याने एकोणीस हजार चारशे साठ लिहिले. बाई म्हणाल्या, एक्काहत्तर लिही.

"माय, काल मागितला असतास तर त्या बँकेने तुला एक दिवस तरी जास्त दिला असता का? तरी अकरा?"

"बँकेचं बँकेपाशी," बाई कुकरची शिटी लावत म्हणाल्या. "भांडं परत मी देते आहे ना?"

आता कार्डावर फक्त गॅस येतो आणि तेलाचा डबा, तोही पैसे आधी घरात आले असतील तरच. बाकी सगळं लोटूकडून. बाई पुढच्या गल्लीने जातात, आणि बिबड्यांत मीठ थोडं जास्त घालतात.